ज्ञानाच्या मैदानात नवख्यांनाही जागा!

अमेरिकेतील कामकरी विद्यार्थ्यांच्या प्रश्नस्पर्धेतून आपल्या विहारांनी काय घ्यावे?

एप्रिल महिना उजाडला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून जयंतीची धामधूम सुरू होते. मंडप पडतो, निळ्या पताका लागतात, व्याख्यानमाला ठरतात आणि त्याबरोबरच मुलांसाठी सामान्य ज्ञान स्पर्धाही जाहीर होते. ही प्रथा चांगलीच आहे. पण तिचा शेवट बहुधा ठरलेला असतो. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, ज्यांचे आईवडील नोकरीत स्थिरावले आहेत, अशी दोन-तीन मुले दरवर्षी बक्षिसे घेऊन जातात. बाकीची पंचवीस-तीस मुले मागच्या रांगेत मान खाली घालून बसतात. पुढच्या वर्षी त्यातली निम्मी येतच नाहीत. "आम्हाला काय येतंय त्यातलं?" हे त्यांचे उत्तर कार्यकर्त्यांनी अनेकदा ऐकलेले असते.

ज्याला उत्तर येत नाही त्याने स्पर्धेत यायचेच कशाला, असे काही जण विचारतील. त्याचे उत्तर शोधायला आपण थोडे दूर, अमेरिकेत जाऊ. तिथल्या 'कम्युनिटी कॉलेज'मधल्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी एक राष्ट्रीय प्रश्नस्पर्धा भरवली जात आली आहे. हे विद्यार्थी म्हणजे दुकानात, हॉटेलात, गोदामात काम करून शिकणारी मुले-मुली आणि क्वचित दोन लेकरांची आईसुद्धा. ही स्पर्धा नवख्याला घाबरवत नाही. ती कशी चालते हे समजून घेतले तर आपल्यालाही पुष्कळ शिकता येईल.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि अर्थातच बाबासाहेबांचे कोलंबिया विद्यापीठ येते. परंतु त्या देशातला सर्वसामान्य कष्टकऱ्याचा मुलगा तिथे सहसा पोहोचत नाही. तो जातो गावातल्या किंवा जिल्ह्याच्या कम्युनिटी कॉलेजात.

असे पहिले सार्वजनिक कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी सुरू झाले. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने अशा कॉलेजांचे जाळे देशभर विणावे अशी शिफारस केली आणि पुढच्या काही दशकांत ते विणले गेले. आज अशी सुमारे एक हजार कॉलेजे आहेत. पदवीपूर्व शिक्षण घेणाऱ्या तिथल्या तीन विद्यार्थ्यांपैकी निदान एक विद्यार्थी या कॉलेजांत असतो. प्रवेशाला मोठी अट नाही, फी विद्यापीठांपेक्षा खूप कमी आणि वर्ग सकाळी, संध्याकाळी, सोयीने. दोन वर्षे शिकून एक पदविका मिळते. मग नोकरी धरावी किंवा पुढच्या दोन वर्षांसाठी मोठ्या विद्यापीठात जावे. काळ्या समाजातली, लॅटिन वंशाची, नुकतीच परदेशातून आलेल्या कुटुंबांतली आणि घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुले इथे मोठ्या संख्येने दिसतात.

तिथे सगळे गोड आहे असे मात्र नव्हे. प्रवेश घेणाऱ्यांपैकी पुष्कळांचे शिक्षण अर्ध्यावर सुटते. पोटाची चिंता, घरचे आजारपण, पाळी बदलली म्हणून बुडालेले वर्ग ही कारणे आपल्या ओळखीचीच आहेत. शिवाय "हे तर कमी प्रतीचे कॉलेज" असा शिक्का बसतो तो वेगळाच.

आपल्याकडे हे दुःख बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. तिथे सकाळचे वर्ग ठेवले, ते नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून. त्याच महाविद्यालयात विद्यार्थी संसदही भरत असे. शिकलेल्या माणसाने चार लोकांत उभे राहून बोलले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती.

रेडिओवरून सुरू झालेला खेळ

अमेरिकेत कॉलेजा-कॉलेजांतल्या प्रश्नस्पर्धेचा खेळ गाजला तो १९५३ साली रेडिओवर सुरू झालेल्या 'कॉलेज बाउल' या कार्यक्रमामुळे. १९५९ पासून तो दूरचित्रवाणीवर आला आणि १९७० पर्यंत चालला. ब्रिटनमध्ये १९६२ साली सुरू झालेला 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' हा कार्यक्रम त्याचेच भावंड.

या कार्यक्रमातला एक सामना आजही सांगितला जातो. १३ मार्च १९६६ रोजी जॉर्जिया राज्यातल्या अ‍ॅग्नेस स्कॉट या मुलींच्या लहानशा कॉलेजची गाठ प्रिन्स्टन विद्यापीठाशी पडली. प्रिन्स्टनमध्ये त्या काळी पदवीसाठी मुलींना प्रवेशसुद्धा नव्हता. तो १९६९ साली मिळाला. सामना अटीतटीचा झाला. वेळ संपायला अगदी एक सेकंद उरला असताना मुलींच्या संघातल्या एका अंध विद्यार्थिनीने बझर दाबून बरोबर उत्तर दिले आणि २२० विरुद्ध २१५ गुणांनी प्रिन्स्टन हरले.

पण चित्राची दुसरी बाजूही पाहायला हवी. ज्या अ‍ॅग्नेस स्कॉटने हा पराक्रम केला, त्या कॉलेजने पहिल्या काळ्या विद्यार्थिनीला दार उघडले ते १९६५ साली, म्हणजे या सामन्याच्या जेमतेम एक वर्ष आधी. त्या विद्यार्थिनीचे नाव गे मॅकडूगल. पुढे त्या मानवी हक्कांच्या नामवंत वकील झाल्या. २००५ ते २०११ या काळात त्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या अल्पसंख्याकविषयक स्वतंत्र तज्ज्ञ होत्या. जन्मावरून होणारा भेदभाव हाही मानवी हक्कांचाच प्रश्न आहे, असे जागतिक व्यासपीठावर सांगताना त्यांनी भारतातल्या दलितांचा प्रश्नही मांडला. ज्ञानाचे दार एकासाठी किलकिले झाले की त्याचा उजेड कुठवर जातो ते पाहा!

याच धाग्यातली आणखी एक गोष्ट म्हणजे काळ्या समाजाच्या ऐतिहासिक कॉलेजांसाठी १९८९ पासून चालत आलेली स्वतंत्र प्रश्नस्पर्धा. होंडा ही मोटार कंपनी तिला पैसा पुरवते. विजयी संघाच्या कॉलेजला रोख अनुदान मिळते, म्हणजे मुलांनी दिलेल्या उत्तरांचा लाभ मागून येणाऱ्या मुलांनाही होतो.

स्पर्धेची रीत

कम्युनिटी कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा 'नॅशनल अकॅडेमिक क्विझ टुर्नामेंट्स' ही १९९६ साली स्थापन झालेली संस्था भरवत आली आहे. आधी विभागीय सामने होतात आणि त्यातून निवडलेले संघ राष्ट्रीय सामन्याला जातात. विद्यापीठांच्या स्पर्धेतही नव्या खेळाडूंसाठी वेगळा गट ठेवलेला असतो. 'अकॅडेमिक काँपिटिशन फेडरेशन' ही दुसरी संस्था दरवर्षी शरद ऋतूत मुद्दाम सोप्या प्रश्नांची स्पर्धा घेते, ती पहिल्यांदाच बझरला हात लावणाऱ्यांसाठी.

खेळ साधा आहे. दोन संघ समोरासमोर बसतात, प्रत्येकात चार जण. प्रश्न वाचला जातो. ज्याला उत्तर सुचेल त्याने मध्येच बझर दाबावा. या वेळी शेजाऱ्याला विचारायचे नाही, ज्याचे त्याने उत्तर द्यायचे. बरोबर आले तर १० गुण. अगदी सुरुवातीच्या अवघड खुणांवरूनच ओळखले तर काही स्पर्धांत १५. घाई करून मध्येच चुकले तर ५ गुण वजा. बरोबर उत्तर देणाऱ्या संघाला मग तीन भागांचा जोडप्रश्न मिळतो. तो चौघांनी आपसांत चर्चा करून सोडवायचा असतो. पहिल्या भागात एकट्याची हिंमत लागते, दुसऱ्यात चौघांचा मेळ.

खरी गंमत प्रश्नाच्या बांधणीत आहे. आपल्याकडे प्रश्न एका ओळीचा असतो. अमुक कधी झाले, तमुक कुठे जन्मले? पाठ असेल तर येते, नसेल तर नाही. तिथला प्रश्न पाच-सहा वाक्यांचा असतो. सुरुवातीला अवघड खूण, मग जरा सोपी, शेवटी सर्वांना माहीत असलेली. आपल्या इतिहासातून एक नमुना करून पाहू:

'या समाजसुधारकाने १८५५ साली "तृतीय रत्न" हे नाटक लिहिले. १८६९ साली त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देऊन त्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. १८७३ साली त्यांचे "गुलामगिरी" हे पुस्तक आले आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८४८ साली सावित्रीबाईंच्या साथीने पुण्यात मुलींची शाळा काढणारे हे कोण?'

ज्याने महात्मा फुले मनापासून वाचले आहेत तो पहिल्याच वाक्याला उठेल. पाचवीतली मुलगीही शेवटच्या वाक्याला उत्तर देऊ शकेल. आणि ज्याला काहीच आले नाही तोसुद्धा प्रश्न ऐकता ऐकता पाच गोष्टी शिकून घरी जाईल. असा प्रश्न म्हणजे एक छोटा धडाच असतो.

चुकीच्या उच्चाराला शिक्षा नाही

या खेळातला एक नियम आपल्या मुलांच्या दृष्टीने सोन्यासारखा आहे. एखादे नाव पुस्तकात वाचलेले असते, पण कधी कानावर पडलेले नसते. उच्चार चुकतो. तिथल्या नियमाप्रमाणे अक्षरांच्या आधाराने केलेला उच्चार जुळत असेल तर उत्तर बरोबर धरले जाते. हा नियम असे मानतो की या मुलाने ते नाव वाचले आहे. त्याच्या घरात किंवा शेजारात ते नाव उच्चारणारे कोणी नव्हते, हा काही त्याचा गुन्हा नव्हे.

वाचक बंधुभगिनींनो, जरा थांबून आठवा. मराठी माध्यमातून आलेल्या किती मुलांनी कॉलेजात गेल्यावर एका चुकीच्या इंग्रजी उच्चारापायी सगळा वर्ग हसताना ऐकला असेल! त्या हसण्यानंतर कित्येकांनी तोंड उघडणेच सोडले. उत्तर येत असताना हात वर न करणे हा त्या अपमानाचा उरलेला व्रण आहे. 'शुद्ध' भाषेच्या नावाखाली आपल्या बोलीला पिढ्यान्‌पिढ्या हिणवले गेले. मग आपल्याच विहारात, आपल्याच स्पर्धेत मुलाच्या जिभेची परीक्षा कशासाठी? त्याने काय वाचले ते पाहावे.

दुसरी चांगली रीत अशी की, हरलेल्या संघाला घरी पाठवत नाहीत. बहुतेक स्पर्धांत सर्व संघ दिवसभर खेळतात. सकाळचा पहिला सामना हरलात तरी दुपारी आपल्या बरोबरीच्या संघाशी गाठ पडते आणि जिंकण्याची संधी मिळते. रात्रपाळी करून, सुटी टाकून, तासन्‌तास प्रवास करून आलेल्या मुलाला दहा मिनिटांत 'बाद' म्हणून परत धाडणे हा अन्याय नाही तर काय?

तिसरी गोष्ट स्वयंसेवकांची. प्रश्न वाचणारे, गुण मांडणारे आणि पुष्कळदा प्रश्न लिहिणारे हे मागच्या वर्षांचे खेळाडूच असतात. आपण शिकलो, आता पुढच्याला शिकवू, ही परंपरा त्यामुळे चालू राहते.

लहान गाव, मोठे नाव

फ्लोरिडा राज्याच्या वायव्य भागात मरियाना नावाचे छोटे गाव आहे. तिथले चिपोला कॉलेज १९४७ साली सुरू झाले. फ्लोरिडातल्या अशा कॉलेजांची 'ब्रेन बाउल' नावाने राज्यस्पर्धा होते. चिपोलाने तिच्यात दबदबा तर निर्माण केलाच, शिवाय कम्युनिटी कॉलेजांचे राष्ट्रीय विजेतेपदही एकापेक्षा अधिक वेळा पटकावले. मोठ्या शहरांतल्या कितीतरी मोठ्या कॉलेजांना मागे टाकून आडगावच्या मुलांनी हे केले.

पण याच मरियानाजवळ १९३४ साली क्लॉड नील या काळ्या तरुणाला जमावाने हाल हाल करून ठार मारले होते. काळ्या मुलांना चिपोलात जागा नव्हती. त्यांच्यासाठी १९६१ साली जॅक्सन ज्युनियर कॉलेज म्हणून वेगळी सोय केली गेली आणि १९६६ साली ते बंद करून चिपोलात विलीन केले गेले. ज्या गावात रंग पाहून कॉलेजचे दार ठरत होते, तिथे आज एकाच टेबलाशी बसून मुले बझर दाबतात. हा बदल आपोआप झालेला नाही. त्यामागे लोकांनी रस्त्यावर आणि न्यायालयात केलेला मोठा लढा आहे. बाबासाहेबांनी काळ्या समाजाचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना १९४६ साली पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य दाखवले होते, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

नियम सर्वांना सारखा

स्पर्धा म्हटली की लबाडी आलीच. इथेही ती झाली. २०१३ साली असे उघडकीस आले की, प्रश्न तयार करणाऱ्या संस्थेत काम करणाऱ्या काही खेळाडूंनी संस्थेच्या संगणकावरची प्रश्नांविषयीची माहिती सामन्याआधी उघडून पाहिली होती. त्यांत हार्वर्डचा खेळाडूही होता. प्रश्न प्रत्यक्ष चोरल्याचा पुरावा हाती असो वा नसो, पाहण्याची संधी घेतली हेच नियमाविरुद्ध, असे धरून हार्वर्डची चार विजेतेपदे काढून घेण्यात आली.

एरवी मोठ्यांचे पाप झाकायची जगाची रीत. इथे जगातल्या अत्यंत श्रीमंत विद्यापीठालाही तोच नियम लागला. आपल्या स्पर्धांतूनही हे पथ्य कडक पाळले पाहिजे. प्रश्नपत्रिका ज्याच्या घरी तयार होते त्याचीच मुले पहिली आली, अशी कुजबुज एकदा सुरू झाली की गरिबाची मुले पुन्हा त्या मंडपात पाऊल ठेवत नाहीत.

सोपाकाचे दहा प्रश्न

प्रश्नोत्तरातून शिकणे आपल्याला परके नाही. भगवान बुद्धांच्या धम्मात प्रश्न विचारणाऱ्याला कधी गप्प बसवले नाही. पाली साहित्यातल्या 'खुद्दकपाठा'त 'सामणेरपञ्ह' नावाचा छोटा भाग आहे. त्यात नव्या श्रामणेरासाठी दहाच प्रश्न आहेत, एकापासून दहापर्यंत. एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, असे चढत जाणारे. चारच्या उत्तरात चार आर्यसत्ये येतात, पाचच्या उत्तरात पाच स्कंध, आठच्या उत्तरात आर्य अष्टांगिक मार्ग. अंकांच्या दोरीत अख्खा धम्म ओवलेला!

परंपरा सांगते की, हे प्रश्न सोपाक नावाच्या सात वर्षांच्या बालकाला विचारले गेले आणि त्याने उत्तरे देऊन संघात स्थान मिळवले. सोपाक हे नावच त्या काळच्या अस्पृश्याचे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अस्पृश्य सोपाकाच्या धम्मप्रवेशाची कथा आवर्जून घेतली आहे. नवख्यांसाठी घेतलेली ही जगातली किती जुनी प्रश्नमालिका! आणि तिच्यात उत्तीर्ण झालेला आपलाच पूर्वज.

औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) १९५० साली सुरू झालेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले, तेही राजा मिलिंद आणि भन्ते नागसेन यांच्या प्रश्नोत्तरांवरून. राजाने सत्तेचा धाक बाजूला ठेवून पंडितासारखे बोलावे, मगच चर्चा होईल, ही नागसेनांची भूमिका होती. विचारणाऱ्याचा धाक असेल तिथे उत्तर फुलत नाही, हेच त्यातले सार.

आपल्या विहारात काय करता येईल?

१. जयंतीपुरती एक स्पर्धा घेऊन थांबू नये. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर तासभर सामना ठेवावा. सराव झाला की भीती जाते.

२. गट वयाचे आणि सरावाचेही करावेत. दोनदा बक्षीस मिळवलेल्या मुलाला पुढच्या गटात घालावे किंवा प्रश्न वाचणारा म्हणून मान द्यावा.

३. चौघांचा संघ करताना मुली, मुलगे, मराठी आणि इंग्रजी माध्यम यांची सरमिसळ करावी. शाळा सुटलेल्या, पण वाचायची हौस असलेल्या तरुणांना आणि आयाबहिणींनाही संघात घ्यावे.

४. बझर विकत घ्यायलाच हवा असे नाही. वस्तीतला वायरमनचे काम करणारा एखादा तरुण दोन बेल आणि दोन बटणे जोडून देईल. तेही नसेल तर स्टीलची वाटी आणि चमचा पुरे. अमेरिकेतही बझर नसले की मुले टेबलावर थाप मारून खेळतात.

५. प्रश्न पायरीपायरीने सोपा होत जाणारा असावा. आठवी ते दहावीची पाठ्यपुस्तके, विहारातल्या वाचनालयातली पुस्तके आणि महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड हाताशी घ्यावेत. विज्ञान, भूगोल, संविधान, साहित्य, खेळ असे सगळे विषय यावेत. आपले महापुरुष तर हवेतच, पण जगही हवे. बाबासाहेबांनी कोलंबियात अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र असे किती विषय अभ्यासले ते आठवावे.

६. मुलांकडूनच प्रश्न लिहून घ्यावेत. पाच वाक्यांचा एक प्रश्न लिहायला मुलाला निदान एक प्रकरण नीट वाचावे लागते. बाजारातले प्रश्नोत्तरांचे गाइड पाठ करून हे जमत नाही.

७. बक्षीस म्हणून कप नको, पुस्तक द्यावे. आणि सहभागी झालेल्या प्रत्येकाला द्यावे.

नुसती माहिती म्हणजे ज्ञान नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो खराच आहे. सनावळी पाठ असलेला माणूस अन्यायापुढे गप्प बसलेला आपण पाहिला आहे. पण ज्याच्या पदरात माहितीच नाही त्याला फसवणे सोपे असते, हेही आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. कागदावर काय लिहिले आहे हे कळत नसताना अंगठे उठवणारे आपलेच आजे-पणजे होते. त्यांच्या नातवंडांनी चार लोकांसमोर न घाबरता हात वर करावा आणि "मला माहीत आहे" असे म्हणावे, ही लहान गोष्ट नाही. हीच सवय पुढे मुलाखतीत, ग्रामसभेत, युनियनच्या बैठकीत आणि न्यायालयाच्या पायरीवर कामी येते.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या मंत्रातला पहिला शब्द 'शिका' हा आहे. तो फक्त हुशारांना उद्देशून नाही. मागच्या रांगेतल्या मुलालाही तो तितकाच लागू आहे. त्याला पुढे बोलवा, त्याच्यापुढे वाटी-चमचा ठेवा आणि सोपा प्रश्न विचारा. पहिले उत्तर बरोबर आले की दुसऱ्यासाठी तो आपणहून पुस्तक उघडेल.

जय भीम! नमो बुद्धाय!